खांबावरचा शेवटचा अरेस्टर

पंखा खर्रकन् सुरू झाला आणि भुयारातल्या घराची शांतता मोडली. शर्वाणीने मोकळा श्वास घेतला. वर जमिनीवर विजा बारमाही कोसळत. खाली हवा पोचायची ती केवळ पंख्यांनी. उघड्या तारा जिथे केबल होऊन भुयारात उतरतात, त्या आपल्या खांबावर वीज पिऊन टाकणारा अरेस्टर बसवून ती नुकतीच आली होती. गोदामातला तो शेवटचा होता.

"वायरमनबाई, आधी हात धुवा," सहा वर्षांची कस्तुरी आईला म्हणाली.

शर्वाणी हसली. तेवढ्यात शेजारच्या भुयारात, कस्तुरीच्या मैत्रिणीकडे, धमाका झाला आणि तिकडच्या पंख्यांची घरघर थांबली.

"आई, सकाळी यादी मीच वाचली ना? आज नंबर मुक्ताच्या भुयाराचा होता. मग तू आपल्याकडे का बसवलास?"