तिसरं जॅकेट

कालव्यावर भाड्याने बोटी देणारा बोटवाला माणसं मोजायचा नाही. बोट पाण्यात किती बसली ते बघून लाइफ जॅकेटं द्यायचा. मायलेकी बसल्या, तशी त्याने तीन दिली.

"अहो दादा, आम्ही दोघीच आहोत," आई हसली.

"ताई, ते बोटीला सांगा."

बोट डावीकडे कलली होती आणि डाव्या फळीवर कुणीच नव्हतं. आईने उरलेलं जॅकेट तिथे टाकलं, लेकीला उजवीकडे बसवलं आणि मागे बसून इंजिन चालू केलं. लेकीला पोहता येत नव्हतं. बोटीचा हट्ट मात्र तिचाच.

काठावरच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे मागे सरत होते. आईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. ती सुकाणू सरळ धरी, बोट डावीकडेच ओढ घेई.

"मागे फिरू या, राणी."

पण कालवा अरुंद, वळायला जागा समोरच्या पुलापलीकडेच होती.

पुलाखालच्या अंधारात बोट हळूच उजवीकडे कलली. लेकीच्या बाजूला पाणी काठोकाठ आलं.

"मधे सरक, बाळा! लवकर!"

"कशी सरकू? जागाच नाही."

बोट उजेडात आली. डावी फळी रिकामी होती. लेकीला खेटून ते जॅकेट ताठ बसलं होतं, संथपणे फुगत, ओसरत.

"रागवू नकोस ना, आई. हिला पट्टा लावता येत नव्हता, मी लावून दिला."