तोंड सोडून

"हजार फोटो हायेत ह्याच्यात," मच्छिंद्रनं पोरीचा मोबाईल काउंटरवर आदळला, "आन् आईच्या तोंडाचा एक न्हाई."

दौंडच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. ती वळून बघू लागली. उद्या वरवंडला त्याच्या बायकोचा, रंगुबाईचा, पुण्यानुमोदनाचा म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. नाव, गाव, 'विनम्र आदरांजली' सगळं टाईप होऊन संगणकावर तयार होतं. फक्त फोटोची जागा मोकळी. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला, तर नुसता काळा डाग आला. भाच्याच्या हळदीतल्या फोटोत ती सगळ्यांबरोबर उभी होती, पण पदर नाकापर्यंत.

राजश्री बापाशेजारी खाली मान घालून उभी होती. ते बघून मच्छिंद्रचं डोकं आणखीच फिरलं. किती वर्षं बघत होता तो हे खूळ! कंपनीतून सुटून आली की काच तडकलेला तो मोबाईल घेऊन ही अंगणात उकिडवी बसणार. भिंगावर पाण्याचा थेंब ठेवून मुंगीचे पाय मोठे करणार. गटारीच्या पाण्यात पडलेलं आभाळ टिपणार.

"लोकं माणसांचे फोटो काढत्यात. हिनं गटारी काढल्या," तो गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला. "हिची आई बी तसलीच. उजेड पडावा म्हणून हिच्यापुढं ताट धरून बसायची."

दुकानदार महेंद्र मोबाईल घेऊन एकेक फोटो सरकवत होता. त्याचं बोट हळू झालं.

"मामा, बघा तरी."

परातीत पीठ मळणारे दोन हात, बोटांच्या फटीतून आलेलं ऊन. पत्र्याच्या भिंतीवर पाखडणाऱ्या बाईची सावली, वर उडालेला कोंडा सोन्यासारखा. फरशीवर ओल्या पावलांची रांग. मानेवरचा सैल अंबाडा, त्यातून सुटलेली एक पांढरी बट.

"सगळीकडं मामीच हायेत की."

मच्छिंद्रनं पाहिलं. ते हात त्यानं ओळखले. मग राग पुन्हा उसळून आला.

"इतक्या जवळ बसलीस, आन् मोबाईल वीतभर वर धरता आला न्हाई? आई व्हती का दगड व्हता तुझ्यापुढं?"

राजश्रीनं मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते, पण रडून नव्हे.

"मी धरायची, आबा. तीच तोंड फिरवायची."

"का म्हणून?"

"हितं सांगू?"

"सांग. चार लोकांसमोर सांग."

"मी चौथीत व्हते. शाळेसाठी फोटो पायजे व्हता, म्हणून आपण तिघं हितं दौंडला आलो. फोटोवाला आईला म्हणला, तुम्ही बी बसा पोरीशेजारी. ती पदर सारखा करून बसली. आन् तुम्ही म्हणालात, 'उठ. हे थोबाड घेऊन त्याचा कॅमेरा फोडती का?' समदी हसली. आई बी हसली. हसत उठली." राजश्रीचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द ठेचल्यासारखा येत होता. "माझ्या हातात मोबाईल आला तवा तिनं पयल्याच दिवशी सांगितलं, 'तोंड सोडून काय बी काढ. बघणाऱ्याला बरं वाटंल असं काढ.'"

गिऱ्हाइकं भिंतीवरचे नमुने बघू लागली. राजश्रीनं मोबाईल ओढून घेतला, पाखडणारी ती सावली काढली आणि महेंद्रपुढं धरली.

"हा टाका, दादा."

महेंद्रनं विचारायला म्हणून मच्छिंद्रकडं पाहिलं. मच्छिंद्र काउंटरला धरून उभा होता आणि तो दिवस आठवू पाहत होता. आठवेना. असलं तो बायकोला इतक्यांदा बोलला होता, की त्यातला हा दिवस कुठला, ते त्याला सांगता आलं नसतं.