बरणीतला वाम

"लिंगायताच्या घरात मेलेला मासा! लोक काय म्हंतील?" आमचे मालक माझ्या कानाशी पुटपुटले. बरणीत समुद्राच्या गाळात बीळ करणारा सापासारखा वाम होता. समुद्रकाठी शिकायला असताना, ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखल उपसून आमच्या लेकीनं, श्रीदेवीनं तो शोधलेला. जगाला ठाऊक नसलेली जात! मागल्या येळवशीच्या अवसेला आमच्या रानात जेवून, तिला 'माझी लेकच' म्हणून गेलेले तिचे सर आज संग्रहालयासाठी बरणी न्यायला जळकोटला आले. सोबत छापलेला निबंध होता. शोध सरांच्या नावावर, माशाला नाव सरांच्या मुलीचं; श्रीदेवी शेवटच्या ओळीत, आभारांत. "छान झालंय, सर," ती म्हणाली. तिची पदवी त्यांच्याच सहीवाचून अडली होती. म्हणून मीही हसून भाकरी वाढली. मालकांनी सरांना पोटभर जेवू दिलं, हातावर पाणी घातलं, मग हात जोडले. "सर, मासा माझ्या पोरीनं शोधला. तुमी तो चोरलाय."