सुनेचा आरसा

“आ करा की काकू. अजून मोठा. लाजताय कशाला, सगळ्या बायकाच हाईत!”

समाजमंदिरात सुनेचा आवाज घुमला आणि कोपऱ्यात बसलेल्या गोजराबाईचा जळफळाट झाला. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. पण कॅन्सरसाठी तोंड तपासायचं शिक्षण दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं ते हिला! कालपर्यंत सासूपुढं मान वर न करणारी पोर आज चिमुकला आरसा घेऊन हसत फिरत होती. पुरुष डॉक्टरापुढं तोंडावरचा पदर न काढणाऱ्या बायका तिच्यापुढं मिशरीनं काळवंडलेले दात खुशाल दाखवत होत्या.

“सून गुणाची हाय हो तुझी,” शेजारीण म्हणाली. गोजराबाईनं मिशरीचं बोट दातांवरून फिरवलं. गाल आतून झोंबला. हल्ली झोंबायचाच. सुनेच्या तोंडावरचं ते हसू एकदा उतरलेलं बघायचं होतं तिला, बस्स.

बायका पांगल्यावर ती पुढं सरकली. “माझंबी बघ की. का सासूचं तोंड बघायला शिकवलं नाही तुला?”

सून हसतच वाकली. बॅटरीच्या उजेडात आरसा गालाकडं वळला आणि तिथंच थांबला. सुनेचं हसू मावळलं.

“आत्या, हा पांढरा चट्टा कधीपासनं हाय? सकाळच्या पहिल्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी येते संगं.”

दिवसभर जे बघायचं होतं ते गोजराबाईनं बघितलं. तिनं सुनेची हनुवटी धरली.

“हस की गं,” ती म्हणाली. “मघासारखी हस.”