कप्तानाचा पलंग

"बसा ना आजी पलंगावर. फोटो काढायचाय," संग्रहालयाचे अध्यक्ष म्हणाले. "बोट अगदी हुबेहूब पहिल्यासारखी केलीय आम्ही."

द्वारकाबाई बसल्या नाहीत. त्यांचा जन्म याच आगबोटीवरचा, म्हणून उद्घाटनाला त्यांना गाडी पाठवून आणलं होतं. पलंगावर रेशमी चादर होती आणि उशाशी चकचकीत पितळी पाटी:

अडलेल्या बाईसाठी कप्तानाने आपला पलंग दिला. इथेच कन्या जन्मली.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"लोकांना असलं आवडतं हो. तुम्ही नुसती मान डोलवा."

आईला कळा आल्या त्या खालच्या डेकवर, कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी. चार कोळणींनी लुगड्यांचा आडोसा धरला. कप्तानाने माणूस धाडला तो एवढंच सांगायला, की वर साहेब जेवतायत, बाईला गप्प करा. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मरेपर्यंत तिला त्या बोळ्याचीच आठवण येई.

"मला खाली न्या."

"खाली काय बघणार? पाहुण्यांसाठी शौचालयं केलीत तिथे."

"बरं केलंत. वरची घाण तेव्हाही खालीच यायची."

कठडा धरून त्या जिना उतरल्या. शौचालयाच्या नव्याकोऱ्या दाराशी पदर सारखा करून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी आई इथे बाळंत झाली. इथे काढा फोटो."

अध्यक्षांनी घाबरून जिन्याकडे पाहिलं. "हळू बोला, आजी. वर साहेब जेवतायत."

"झाली हो," द्वारकाबाई म्हणाल्या, "अगदी पहिल्यासारखी झाली बोट."