छोटीची सीट

"दोन्ही नेता येणार नाहीत. कुठल्या तरी एकीवर बोट ठेव," दादा म्हणाला.

खोलीच्या मधोमध लहान मुलांच्या दोन सीट मांडल्या होत्या, गाडीत लावायच्या. लाल सीट जुनी आणि जड, उचलली की कंबर धरायची. करडी नवी आणि इतकी हलकी, की एका हातात येईल. छोटी कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून होती. तिचं मत विचारायची पद्धत नव्हती.

"लाल भक्कम आहे, त्यात वादच नाही," दादा म्हणाला. "पण हल्ली जो तो करडीच घेतोय. मग आपणही तीच न्यायला हवी ना?"

ताईने करडीचं बक्कल लावलं. टक. ओढून पाहिलं, सुटलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. दोन आयांनी फोनवर सांगितलं होतं, लावताना टक आवाज नीट येतो, पण बक्कल कधीकधी आपोआप सुटतं. ताईच्या हातात ते एकदाही सुटलं नव्हतं. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

"करडी," ती म्हणाली. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

विमानतळावर शिरण्याआधी तिने छोटीला टोपी घातली आणि पार भुवयांपर्यंत ओढली. गळ्याशी मफलर गुंडाळला. मागच्या खेपेला लोकांनी टक लावून पाहिलं होतं. एक आजोबा तर उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसले होते. एका कडेवर छोटी, दुसऱ्या हातात सीट आणि खांद्याला जड बॅग. छोटी दिसायला लहान असली तरी कडेवर घेतली की खांदा भरून यायचा.

तपासणीवाल्याने बॅगेत डोकावलं. मग ताईकडे पाहिलं, मग छोटीकडे.

"हे बरोबर घेऊन फिरता?"

"ऐनवेळी लागलं तर कुठे शोधू?"

त्याने आपल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनीही डोकावून पाहिलं आणि बॅगेची चेन लावून दिली.

विमानात तिने करडी सीट खिडकीकडे बसवली आणि छोटीला तीत बांधलं. स्वतः ती मधल्या वाटेच्या कडेला बसली. वाटेच्या पलीकडे एक आई होती. तिचा गोट्या समोरच्या खुर्चीला लाथा घालत होता. गोट्याच्या खालची सीटही करडीच होती.

"अय्या, आमचीही हीच!" गोट्याची आई खुलली. "ह्याचे बाबा म्हणाले, पैसे गेले तरी चालतील, कंबर शाबूत राहायला हवी."

ताईला हसायचं होतं, पण जमलं नाही. तिची नजर गोट्याच्या बक्कलवर होती.

"तुमची किती शहाणी आहे हो! आवाज म्हणून नाही. नाहीतर आमचं कार्टं! किती वर्षांची?"

"तीन."

"नुकतीच झाली का?"

"नाही, बरेच दिवस झाले."

हवाई सुंदरी ज्यूस घेऊन आली. "हिला काही?" तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"नको. उशी असली तर द्या. मान जपायला हवी."

गोट्याच्या आईने आवाज खाली आणला. "दवाखान्यात नेताय का?"

"उद्या सकाळी तपासणी आहे."

टोपीकडे पाहताना त्या बाईचे डोळे भरून आले. "सगळं नीट होईल बघा," ती म्हणाली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमान उतरलं तेव्हा ताईला राहवेना. "इथून कुठे जाणार?"

"आज बहिणीकडे. स्टेशनच्या समोरच आहे, ट्रेननेच जाऊ. उद्या दुपारी गाडीने सासरी. घाटाचा रस्ता आहे."

"मी फोन करेपर्यंत गोट्याला ह्या सीटमध्ये बसवू नका."

"का?"

दोन फोन आलेत म्हणून एका आईच्या पोटात गोळा आणायचा, हे तिला पटेना. "मला त्या बक्कलची खात्री वाटत नाही," एवढंच ती बोलली.

"कमाल आहे ताई! स्वतःच्या पोरीला तीतच बसवता आणि मला शहाणपण शिकवता?"

ताईने नंबर मागितला. गोट्याच्या आईने दिला, पण तोंड वाकडं करूनच. मग गोट्याला ओढत ती गर्दीत दिसेनाशी झाली. रात्रभर ताईच्या डोळ्यांसमोर तो घाट होता.

सकाळी तिने गाडीच्या मागच्या बाजूला करडी सीट लावली. छोटीची टोपी काढली, तिला बसवलं, पट्टे आवळले, बक्कल लावलं. टक. ओढून पाहिलं, सुटलं नाही. दार लावून ती मागे सरली.

गाडी निघाली. पुढे चालवायला कुणी नव्हतं. गाडीने वेग घेतला आणि सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली.

कुणी किंचाळलं नाही. धूळ बसली तेव्हा करड्या सीटचे पट्टे मोकळे लोंबत होते आणि छोटी सीटमध्ये नव्हती. ताईने आधी फोन लावला.

"बोला ताई. दुपारऐवजी आत्ताच निघतोय आम्ही. गोट्या बसलासुद्धा गाडीत."

"उतरवा त्याला! आत्ताच्या आत्ता उतरवा. बक्कल सुटतं. माझ्या डोळ्यांदेखत सुटलं."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग गोट्याचं भोकाड, आणि त्याच्या आईचा धपापता श्वास.

"घेतला कडेवर," ती म्हणाली. मग एकदम घाबरून, "अहो, पण तुमची छोटी? ती बरी आहे ना?"

"तिचं डोकं निखळलंय," ताई म्हणाली. "पण बॅगेत दुसरं आणलंय मी."