झाकणावरची तीट

दिगंबररावांच्याच मूलपेशींपासून वाढवलेला हृदयाचा तुकडा काचेच्या डबीत आपला आपण धडधडत होता. उद्या तो त्यांच्या निकामी हृदयावर शिवायचा होता. त्यांची थोरली बहीण कमलाक्षी तो पाहायला आली.

“दिगूसारखाच. घटकाभर स्वस्थ नाही,” ती म्हणाली. तंत्रज्ञ रेहानाची पाठ वळताच तिने झाकणावर काजळाची तीट लावली.

काही वेळातच, डबीवर वरच्या कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या यंत्राने कळवलं : ठोके थांबले, तुकडा टाकून द्या. नवा वाढवायला सहा आठवडे लागत, आणि दिगंबररावांकडे जेमतेम दोन होते. ठोके तपासायला माणसाने स्वतः डबीत डोकावण्याची पद्धत केव्हाच बंद झाली होती. रेहानाने बाहेर बसलेल्या कमलाक्षीला आत बोलावून खरं ते सांगितलं.

कमलाक्षी वाकून डबीकडे बघत राहिली.

“अगं, हलतोय की हा.”

रेहानाही वाकली. तीट बरोबर कॅमेऱ्याखाली आली होती.

“आजी, ही तुम्ही लावलीत?”

“दृष्ट लागू नये म्हणून.”

“यंत्राला त्यामुळे काही दिसेना. पुसू?”

कमलाक्षीने जरा विचार केला.

“पूस. पण उद्यापर्यंत आणखी कुणाला बघायला सोडू नकोस.”